उन्हाळ्यावरची वस्ती : एका भाषांतराच्या निमित्ताने

भाषांतराची अडचण ही मुख्यतः शब्दांची अडचण असते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परक्या देशातील एखादी वस्तू, एखादा विधी किंवा एखादी रीत आपल्या भाषेत नसली की भाषांतरकार थबकतो, स्पष्टीकरण जोडतो किंवा मूळ शब्द तसाच ठेवून पुढे जातो. आणि तेथे आपले कर्तव्य संपले असे मानतो. या समजात तथ्य नाही असे नाही. परंतु कित्येकदा वस्तूला शब्द सापडतो आणि तरीही कृती मराठीत उतरत नाही. अशा वेळी जे अडलेले असते ते शब्दांच्या पलीकडचे, आपल्या वाङ्मयीन सवयींत रुजलेले असते. नाओया शिगा या जपानी कथाकाराच्या ‘किनोसाकी येथे’ (१९१७) या कथेचे मराठी भाषांतर करताना प्रस्तुत लेखिकेला या गोष्टीचा जो प्रत्यय आला, त्याची चिकित्सा करण्याचा येथे विचार आहे.

कथा लहान आहे. टोकियोत विजेच्या आगगाडीची धडक बसून जखमी झालेला एक लेखक प्रकृती सुधारावी म्हणून किनोसाकी या उष्ण झऱ्यांच्या गावी एकटाच येतो, तेथील एका उतारगृहात तीन आठवडे राहतो आणि परत जातो. शिगा यांना असा अपघात १९१३ साली खरोखरच झाला होता, व त्यानंतर ते किनोसाकीला जाऊन राहिले होते. कथेत घटना म्हणाव्यात अशा तीनच गोष्टी आहेत : छपरावर मरून पडलेली एक मधमाशी, नदीच्या पाण्यात जीव वाचवण्यासाठी धडपडणारा एक उंदीर, आणि ओढ्याकाठी सहज फेकलेल्या दगडाने अकल्पितपणे मेलेला एक सरड्यासारखा लहान जलचर. या तिघांना पाहणारा मनुष्य स्वतः मृत्यूच्या दारातून नुकताच परतला आहे, एवढेच त्या दृश्यांना जोडणारे सूत्र.

२

प्रथम शब्दांचा प्रश्न. जपानी भाषेत अशा झऱ्याला ‘ओन्सेन’ म्हणतात. अर्थ सरळ, ‘ऊन झरा’. आज मराठीत आपण ‘गरम पाण्याचा झरा’ असे लिहितो. हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण तो वर्णन आहे, नाव नव्हे. कोकणात या वस्तूला जुने, एकशब्दी, घरगुती नाव आहे : ‘उन्हाळे’. दापोली तालुक्यातील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरजवळचे उन्हाळे, खानदेशातील उनपदेव, किनवटजवळचे उनकेश्वर ही स्थळनामे ज्या ‘ऊन’ शब्दापासून निघाली, तोच ‘ऊन ऊन भात’ या आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे. छत्तीसगडच्या उत्तरेकडील बलरामपूर जिल्ह्यात अशाच झऱ्यांच्या स्थळाला लोक ‘तातापानी’ म्हणतात. त्यातील ‘ताता’ आणि मराठी ‘तातणे’ ही सख्खी भावंडे होत. सारांश, नाव भूमीवर होतेच; लेखनातून मात्र ते नाहीसे झाले.

‘उन्हाळे’ स्वीकारले की एक व्याकरणाची अडचण उभी राहते. ‘उन्हाळा’ हा ऋतू आणि ‘उन्हाळे’ हा झरा यांचे सामान्यरूप एकच. ‘उन्हाळ्यावर गेलो’ या वाक्यात जागेचा अर्थ टिकतो. पण ‘उन्हाळ्यात उतरलो’ म्हणताच वाचकाला चैत्र-वैशाख आठवतात. यासुनारी कावाबाता यांच्या ‘हिमप्रदेश’ या कादंबरीसारख्या, बर्फाने झाकलेल्या गावी घडणाऱ्या कृतीत तर हा घोटाळा हास्यास्पद होईल. तथापि विभक्ती जपून वापरली तर तो टाळता येतो, आणि एवढ्या कारणासाठी खरे नाव सोडून देणे प्रस्तुत लेखिकेला योग्य वाटले नाही.

दुसरा शब्द उतारगृहाचा. ‘र्‍योकान’ हा चिनी घटकांपासून बनलेला शब्द आज जगभर माहीत आहे. पण त्यामागे ‘यादो’ हा जुना देशी शब्द उभा आहे. त्याच्या अर्थाला दोन पदर आहेत : प्रवासी रात्री जेथे उतरतो ते ठिकाण, आणि जुन्या काव्यात आपले स्वतःचे घर. मराठीत यासाठी काय घ्यावे? ‘धर्मशाळा’ म्हटले की पुण्याचा संबंध येतो, ‘सराई’ म्हटले की काफिले डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि ‘हॉटेल’ म्हटले की घरपण संपते. हा शोध चालू असताना उत्तर दाराबाहेरच्या पाटीवर होते, हे लक्षात यायला बराच काळ गेला. हे भाषांतर रायपूरच्या पुरानी बस्ती या भागात राहून झाले. हिंदीत ‘बस्ती’ म्हणजे लोक कायम वसलेली जागा. मराठी ‘वस्ती’लाही तो अर्थ आहेच, परंतु ‘पाहुणा वस्तीला राहिला’ किंवा ‘वस्तीची एस.टी.’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ एका रात्रीचा मुक्काम असा होतो. कायमचे घर आणि एका रात्रीचा निवारा हे दोन्ही अर्थ ज्या शब्दात ‘यादो’प्रमाणे एकत्र नांदतात, असा हा शब्द आपल्याजवळ होता. परभाषेच्या शेजारात आपला शब्द नव्याने ऐकू येतो, हा अनुभव इकडच्या मराठी लेखकांना नवा नाही. रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, तेव्हा त्यांनाही असे शब्द पदोपदी भेटले असतील.

अशा रीतीने ‘उन्हाळ्यावरची वस्ती’ हा शब्दबंध सिद्ध झाला. शब्दांचा प्रश्न सुटला होता. कथा मात्र तरीही मराठी वाटेना. वाक्ये निर्दोष होती, पण त्यांतला मनुष्य परका राहिला होता. या परकेपणाचा उगम शोधताना लक्ष वस्तूवरून त्या वस्तीत उतरणाऱ्या माणसाकडे वळवणे भाग पडले.

३

जपानी उन्हाळ्यावरच्या वस्तीची रचना एका विशिष्ट तोलावर उभी आहे. निजण्याजेवण्याची खोली प्रत्येकाची वेगळी. पाणी मात्र बहुधा सर्वांचे. अंग आधी बाहेर धुऊन स्वच्छ करायचे, मग विवस्त्र होऊन कुंडात उतरायचे, आणि तेथे मळ काढायचा नाही, नुसते बसायचे. १९४८ च्या जपानी कायद्याने ‘ओन्सेन’ या संज्ञेची व्याख्याही बांधून दिली आहे : उगमापाशी पाण्याचे तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा त्यात ठरावीक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असावीत. आपल्याकडील उन्हाळ्यांची व्याख्या दैवतकथा करतात. वज्रेश्वरीचे मंदिर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभे राहिले. त्याच्या परिसरात, तानसा नदीच्या काठी, अकलोलीची ऊन कुंडे आहेत. तेथे लोक वस्त्रांसह उतरतात, देवीचे दर्शन घेतात आणि घरी परततात. तेथे स्नानाला फल आहे; राहण्याला स्वतंत्र अर्थ नाही.

तथापि येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. जपानी वस्ती ही एकट्यासाठी निर्माण झालेली संस्था आहे, असे त्या वाङ्मयावरून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्या काळी शेतकरी हंगाम संपल्यावर शिधा बरोबर घेऊन उन्हाळ्यावर जात, आणि सात-सात दिवसांच्या आवर्तनांनी उपचार घेत. आजच्या वस्त्यांतही आकार माणशी असतो, त्यात एक रात्र व दोन भोजने धरलेली असतात, आणि खोली दोघांनी किंवा अधिकांनी घ्यावी ही अपेक्षा असते. एकट्याला जागा देण्यास पुष्कळ ठिकाणी नाखुशी असते, विशेषतः सुट्ट्यांच्या दिवसांत. एकट्या प्रवाशांसाठी मुद्दाम सोय करण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे, ती या नाखुशीच्या पार्श्वभूमीवरच.

प्रस्तुत लेखिकेला काही वर्षांपूर्वी किनोसाकीला दोन रात्री एकटीने राहण्याचा योग आला. दोन ठिकाणांहून विनयपूर्वक नकार आल्यानंतर तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. खोलीत दोन आसने मांडलेली होती. वाढणाऱ्या बाई आल्या, त्यांनी काही न बोलता दुसरे आसन उचलून भिंतीशी ठेवले, आणि ताटे मांडली. त्या क्षणी जे जाणवले ते कोणत्याही प्रवासग्रंथात वाचलेले नव्हते : येथे एकटे असणे ही गोष्ट दिसते, तिची नोंद घेतली जाते, परंतु तिचे कारण विचारले जात नाही. याच्या उलट अनुभव आपल्याकडील एका तीर्थक्षेत्री आला होता. धर्मशाळेच्या कचेरीत पहिला प्रश्न ‘बरोबर कोण आहे?’ असा झाला, आणि ‘कोणी नाही’ या उत्तरानंतर खोली शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले.

जपानी कथेतील एकटा पाहुणा हा, म्हणून, त्या संस्थेचा नियम नसून अपवाद आहे. सोसेकी नात्सुमे यांच्या ‘तृणाची उशी’ (१९०६) मधील चित्रकार, कावाबातांच्या ‘इझूची नर्तकी’ (१९२६) मधील विद्यार्थी, ‘हिमप्रदेशा’तील घरदार मागे ठेवून आलेला शिमामुरा, आणि शिगांचा जखमी लेखक हे सारे अनेकांसाठी मांडलेल्या घरात एकटे उतरतात. भिंतीपलीकडून इतरांचे आवाज येत असतात. पाण्यात इतरांची शरीरे असतात. या विसंगतीतून ती कथा जन्म पावते. रानातल्या गुहेत बसलेल्या माणसाचे एकटेपण या कथांना निरुपयोगी आहे.

४

हा एकटा मनुष्य मराठीत का उतरत नाही? आपल्याकडे एकटे प्रवासी झाले नाहीत असे नाही. पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतल्या त्या जपानमार्गे. पण पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द आधी येतो आणि ‘प्रवासवृत्त’ मागाहून. विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. ‘माझा प्रवास’ (१९०७) या ग्रंथाच्या नावातच ‘माझा’ असला, तरी त्यातील ‘मी’ बहुधा कोणाच्या तरी सोबतीने वावरतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ (१९६३) या ग्रंथात जपान मराठी वाचकाच्या अगदी निकट आला. परंतु त्यातील निवेदक हा बोलता निवेदक आहे. त्याच्या शेजारी सहचारिणी आहे, समोर श्रोता आहे, आणि त्याची सारी विनोदशक्ती या सोबतीतून फुलते. या ग्रंथांचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की मराठी प्रवासी एकटा असतो तेव्हा त्याच्यापाशी प्रयोजन असते, आणि प्रयोजन नसते तेव्हा त्याच्यापाशी सोबत असते.

पुरानी बस्तीला लागूनच दूधाधारी मठ आहे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्याला हे नाव पडले. अशा मठाच्या दारी एकटा साधू आला तर ‘बरोबर कोण?’ असे कोणी विचारीत नाही. त्याचे प्रयोजन त्याच्या वेषावरूनच कळते. गृहस्थाच्या, आणि त्याहूनही स्त्रीच्या, एकटेपणाला असा वेष नाही. म्हणून त्याची चौकशी होते. आपल्या गद्याचेही असेच झाले आहे. एकटा मनुष्य पानावर आला की ते लगेच त्याला कारण विचारते : विरक्ती, विरह, व्यासंग, देशकार्य. शिगांच्या कथेचे पहिले मराठी पाठ तपासताना दिसून आले की जेथे मूळ लेखक नुसते ‘बसलो होतो’ म्हणतो, तेथे भाषांतरात ‘विचार करीत’, ‘उदास मनाने’ अशी जोड अभावितपणे आली होती. कोणी मागितलेली नसतानाही ही कैफियत देण्यात आली होती.

जपानी वाङ्मयातही ही अवस्था आयती मिळालेली नाही. बाशो १६८९ च्या आपल्या प्रसिद्ध उत्तरयात्रेत यामानाका या उन्हाळ्यावर येऊन पोचला. त्या वस्तीचा यजमान हा अवघा कोवळा मुलगा होता. बाशोने त्याला कविनाम दिले. तेथेच त्याचा सहप्रवासी सोरा पोटाच्या विकाराने त्रस्त होऊन त्याला सोडून पुढे गेला. यात्रेकरूच्या टोपीवर ‘सहयात्री दोघे’ अशा अर्थाची अक्षरे लिहिण्याचा प्रघात होता. त्यातील दुसरा म्हणजे अदृश्य असा आराध्य. ती अक्षरे आता दवाने पुसली जावीत, असा भाव बाशोने त्या प्रसंगी व्यक्त केला. तीर्थयात्रेचे एकटेपण आणि वस्तीचे एकटेपण यांच्या सीमेवर हा प्रसंग उभा आहे. पहिल्यात देव सोबतीला असतो. दुसऱ्यात ती सोबतही पुसून टाकावी लागते. शिगांचा पाहुणा बाशोनंतर सव्वादोनशे वर्षांनी येतो, तेव्हा त्याच्या टोपीवर काही लिहिलेलेच नसते.

५

येथवर आल्यावर या कथांविषयी एक आक्षेप नोंदवणे प्राप्त आहे, कारण त्यावाचून विवेचन एकांगी होईल. त्यांतील एकटा पाहुणा जवळजवळ नेहमी पुरुष असतो. त्याची शय्या घालणारी, ताट मांडणारी, त्याच्यासाठी नाचणारी व गाणारी स्त्री त्याच घरात असते. तिला मात्र त्या घरात एकांत नाही. ‘हिमप्रदेशा’तील कोमाकोचे दुःख कावाबातांनी ओळखले, हे त्यांचे मोठेपण, पण ती वस्तीची पाहुणी नव्हे. शिगांच्या कथेत तर याविषयी एक विलक्षण कबुली आहे. एका चिनी खेळगड्याच्या हातून त्याच्या बायकोचा खून होतो, अशी ‘हानचा गुन्हा’ ही कथा त्यांनी लिहिली होती. ती नवऱ्याच्या बाजूने लिहिली गेली. किनोसाकीच्या शांततेत निवेदकाला वाटते की आता मारल्या गेलेल्या त्या बायकोविषयी, थडग्यातील तिच्या शांततेविषयी लिहावे. पण ते त्याने लिहिले नाही, असेही तो सांगतो. पुरुषाच्या एकटेपणातून जी सहानुभूती निर्माण झाली ती त्या स्त्रीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन थांबली.

स्त्रीने स्वतः सांगितलेली वस्ती कशी असते, हे पाहायचे तर फुमिको हायाशी यांच्या ‘भटकंतीची रोजनिशी’ (१९३०) कडे वळावे लागते. फिरत्या विक्रेत्यांच्या पोटी वाढलेल्या या लेखिकेचे बालपण ‘किचिन-यादो’त गेले. जेथे पाहुण्याने केवळ सरपणाचे पैसे द्यायचे आणि आपले अन्न आपण शिजवायचे, ती ही गरिबांची वस्ती. तेथे कोणी आसन मांडीत नाही, म्हणून कोणी ते उचलीतही नाही. शिगांचा संयम आणि हायाशींचा रोकडेपणा ही दोन्ही एकाच ‘यादो’ शब्दाची रूपे आहेत, हे लक्षात ठेवले तर उन्हाळ्यावरच्या वस्तीविषयीचे आपले कौतुक भाबडे राहणार नाही.

६

आता पुन्हा भाषांतराकडे. दोष कोठे होता हे कळल्यावर उपाय व्याकरणातच सापडला. जपानी वाक्याला कर्ता उच्चारावा लागत नाही. एडवर्ड साइडेन्‌स्टिकर यांचे या कथेचे इंग्रजी भाषांतर (१९५६) कितीही कुशल असले, तरी इंग्रजीला कर्ता टाळता येत नाही. आपण जपानी साहित्य बहुधा इंग्रजीवाटे वाचतो आणि तो ‘मी’ इमानाने मराठीत आणतो. वस्तुतः मराठीला त्याची गरज नसते. ‘सज्जात बसलो होतो. मधमाशी कालच्याच जागी पडून होती.’ एवढ्याने भागते. ‘मी’ गळताच बसण्याचे कारण सांगण्याची जबाबदारीही गळते. जपानी क्रियापद लिंग सांगत नाही, मराठी सांगते. त्यामुळे एकटेपण पुरुषाचे की स्त्रीचे हे आपल्याला लपवता येत नाही. परंतु आधीच्या विवेचनाच्या प्रकाशात पाहता, हे लपू नये हेच बरे.

शेवटच्या पाठात ‘विचार करीत’, ‘उदास मनाने’ यांसारखी सारी पदे काढून टाकली, आणि कथा मराठीत बसू लागली. ही केवळ परकीय वळणाची उसनवारी आहे काय, हा प्रश्न मात्र मनात राहिला. त्याचे उत्तर अनपेक्षितपणे ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात मिळाले. योगाभ्यासाला योग्य अशा स्थानाचे वर्णन करताना ज्ञानेश्वर जवळजवळ विषय विसरतात. मन कामनांत गुंतलेला मनुष्य देखील वाटेने जाता जाता सहज तेथे येऊन पोचला तर परत निघण्याचे भान त्याला उरणार नाही, अशा आशयाचे ते वर्णन आहे. हा वाटसरू साधक नव्हे. त्याने कोणते व्रत घेतलेले नाही. तो कोणाला शोधीत नाही. ती जागाच त्याला बसवते. पुढे विवेचन योगाकडे वळते व हा वाटसरू मागे राहतो. नंतरच्या मराठी गद्याने त्याची पुन्हा विचारपूस केलेली फारशी दिसत नाही.

तेव्हा जे आपल्याकडे नाही असे वाटत होते, ते आपल्याकडे होते, आणि ‘उन्हाळे’ या नावासारखेच वापरातून गेले होते. भाषांतराचे एक कार्य नवे आणण्याचे असते; दुसरे, आपले हरवलेले ओळखण्याचे. किनोसाकीच्या वस्तीत शिगांचा पाहुणा तीन आठवडे राहिला आणि काही न मिळवता परत गेला. अशा माणसाला ‘बरोबर कोण?’ असे न विचारता आपल्या भाषेने एक रात्र वस्तीला ठेवून घ्यावे, एवढीच अपेक्षा या भाषांतरामागे आहे.